नवजात विभागात शिकलेले बापाचे काम

आमच्या बेळगाव भागात, विशेषतः येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव या पट्ट्यातील शेतकरी घरांत, पहिले बाळंतपण माहेरी होते आणि त्या काळात बापाने काय करायचे हे जवळजवळ ठरलेले असते. त्याने गाडीची सोय करावी, दवाखान्यात पैसे भरावेत, औषधे आणून द्यावीत, बारशाला आलेल्या पाहुण्यांची ऊठबस करावी आणि मधल्या काळात बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर राहावे. या रीतीत कोणाचा दुष्टपणा नाही. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, बाळाला बाहेरचा संसर्ग होऊ नये, हा हेतू त्यामागे असणार असे मला वाटते. पण या रीतीमुळे मूल अंगाखांद्यावर घेण्याचे काम बापाला कधी कोणी शिकवत नाही, आणि ज्या घरात ते तातडीने करावे लागते त्या घराची मोठी अडचण होते. आमच्या मुलीच्या जन्मानंतर ते मी कसे शिकलो आणि त्याच काळात माझे वडील व सासरे यांनी आपापल्या परीने काय केले, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

माझी पत्नी खानापूर तालुक्यातील असून बेळगावातील एका पतसंस्थेत नोकरी करते. मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो. आठवा महिना लागला आणि तिच्या पायांवरची सूज उतरेनाशी झाली. तपासणीत रक्तदाब फार वाढलेला आढळला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली होती आणि डॉक्टरांनी प्रीएक्लॅम्पसियाचे निदान केले. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून तिला स्टेरॉईडची इंजेक्शने देण्यात आली आणि बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले. मुलगी झाली, वजन १,४२० ग्रॅम. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात, अडीच किलोच्या आतले कमी वजनाचे आणि दीड किलोच्या आतले अतिशय कमी वजनाचे. आमची मुलगी या तिन्ही व्याख्यांत बसत होती. सासूबाईंच्या मनात वेगळीच भीती होती. सातमाशी मूल जगते पण आठमाशी जगत नाही, असे आमच्याकडे जुनी माणसे ठामपणे सांगतात. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावले की पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप हातात घेतला.

पत्नीला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू होते आणि ती एका मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात होती. मुलगी दुसऱ्या मजल्यावर, नवजात शिशूंच्या विभागात. दोघींमध्ये जाऊ-येऊ शकणारा माणूस मी एकटाच होतो. सुरुवातीला मुलीला श्वासासाठी सीपॅप यंत्राचा आधार लागला. तो निघाल्यावर तिथल्या मुख्य सिस्टरांनी मला बोलावून विचारले, ‘‘आईला अजून येता येणार नाही. कांगारू काळजी तुम्ही द्याल का?’’

हे नाव तोवर मी ऐकलेही नव्हते. सिस्टरांनी जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले ते असे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका रुग्णालयात १९७८-७९ च्या सुमारास एडगर रे आणि एक्टर मार्तिनेझ या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. बाळे जास्त आणि इन्क्युबेटर कमी, अशी तिथली स्थिती होती. म्हणून आईच्या उघड्या छातीवर बाळाला कातडीला कातडी लागेल असे ठेवून ऊब देण्यास त्यांनी आरंभ केला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिली तर मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सर्व अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास ही काळजी देण्याची शिफारस केली, आणि अशा बाळांच्या रोजच्या देखभालीत कुटुंबाला सामावून घ्यावे असेही म्हटले. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या कांगारू काळजीच्या मार्गदर्शक सूचना २०१४ च्या आहेत आणि नवजात विभागात कुटुंबाच्या सहभागाविषयीच्या २०१७ च्या. म्हणजे बापाला आत घेणे ही त्या सिस्टरांची लहर नव्हती. नियमाने जे सांगितले होते ते त्या करत होत्या. पण ते जितक्या आपुलकीने त्यांनी केले तितक्या आपुलकीने सर्वत्र होते असे मला नंतर भेटलेल्या इतर पालकांच्या बोलण्यावरून वाटले नाही.

आत जाण्यापूर्वी त्यांनी माझे हात पाहिले. मशीन शॉपमध्ये कूलंट आणि ऑईलमध्ये हात असल्याने नखांच्या कडांना काळी रेघ कायमची बसलेली असते. नखे मुळापर्यंत कापून, ब्रशने घासून, अंगठी, घड्याळ आणि मनगटावरचा दोरा काढून, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन मी पुन्हा समोर उभा राहिलो, तेव्हाच त्यांनी होकार दिला. रोज अंघोळ, धुतलेले कपडे, अंगावर खरूज किंवा गजकर्ण नको, सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी आत यायचे नाही, तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, या अटी त्यांनी तिथेच सांगितल्या.

मग मला मागे रेलता येईल अशा खुर्चीवर बसवले आणि शर्ट पुढून उघडायला सांगितला. मुलीच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच होते. एका हाताने मान-डोके आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून त्यांनी तिला उभ्या स्थितीत माझ्या छातीच्या मध्यभागी ठेवले. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरात वाकवलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर, कारण ती पुढे झुकली तर श्वासनलिका दबते. त्यानंतर रुंद सुती पट्टी बांधली. पट्टीची वरची कड बाळाच्या कानाच्या अगदी खाली यायला हवी, आवळलेला भाग छातीवर यायला हवा आणि पोट मोकळे राहायला हवे, कारण एवढे लहान बाळ पोटाने श्वास घेते. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. ते पाहून पलीकडच्या कन्नड सिस्टर म्हणाल्या, ‘‘हेदरब्याडरी अण्णा,’’ घाबरू नका.

पहिली काही मिनिटे ती अस्वस्थ होती. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ८९, ९१, ९० असा खालीवर होत होता आणि माझी नजर तिथून हटत नव्हती. मग तो ९३-९४ वर ठरला. तिचा उच्छ्वास माझ्या छातीच्या एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर, उबदार लागत होता. काही वेळाने तिने आपली बोटे उघडली आणि माझ्या छातीवरचे केस मुठीत धरले. तासाने तिच्या काखेतले तापमान घेतले ते ३६.८ अंश भरले, म्हणजे ३६.५ ते ३७.५ या योग्य पट्ट्यात. बाहेरचे कोणतेही यंत्र न लावता केवळ माझ्या अंगाने ते राखले होते. वडील होणे म्हणजे काय, हे मला तो आकडा ऐकताना जितके कळले तितके जन्माची बातमी ऐकतानाही कळले नव्हते.

एका वेळी निदान एक तास तरी बाळाला हलवायचे नाही, कारण सारखे उचलण्या-ठेवण्याने त्याची झोप मोडते आणि शक्ती खर्च होते. म्हणून मी आधी जेवून, पाणी पिऊन बसू लागलो. बसल्या बसल्या करायचे काम निरीक्षणाचे: ओठांचा रंग गुलाबी आहे ना, छाती-पोट नियमित हलते आहे ना, तळपाय गार नाहीत ना. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. आमच्या मुलीच्या बाबतीत तसे झाले तेव्हा मॉनिटर वाजला, सिस्टर पोहोचण्याआधी मी शिकवल्याप्रमाणे तिची पाठ आणि तळवा चोळला आणि श्वास पुन्हा सुरू झाला. त्यानंतर माझ्यावर सोपवलेली कामे वाढली. पत्नीने काढलेले दूध, बाटलीवर वेळ लिहून, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचे. ते आधी नळीने आणि पुढे चोच असलेल्या छोट्या वाटीने पाजायचे. सिस्टर त्या वाटीला पलाडा म्हणत. आमच्या आजीच्या कपाटात असलेले पितळी बोंडले हुबेहूब तशाच घाटाचे. वाटीची चोच बाळाच्या ओठांच्या कोपऱ्याला लावून थेंब थेंब दूध सोडायचे आणि गिळल्याचे दिसल्यावरच पुढचा थेंब. १० मिलिलिटर पाजायला कधी कधी अर्धा तास लागे.

पत्नीला चाकाच्या खुर्चीतून पहिल्यांदा आणले तेव्हा तिने मुलीकडे बघत हळूच विचारले, ‘‘माझ्याकडे राहील का ही?’’ पट्टी मीच बांधली, मान कशी ठेवायची ते मीच दाखवले. मुलगी तिच्या छातीवर गेली आणि ऑक्सिजनचा आकडा मुळीच न हलता स्थिर राहिला. कातडीच्या स्पर्शाने आईचे दूध वाढते, हे आम्ही पुढच्या एक-दोन दिवसांत प्रत्यक्ष पाहिले. तेव्हापासून दिवसा ती आणि रात्री मी असा क्रम झाला. जन्मानंतर वजन १,३०० ग्रॅमपर्यंत उतरले होते; ते आधी थांबले, मग रोज वीस-पंचवीस ग्रॅमने चढू लागले.

त्या विभागात इतरही वडील होते. हुक्केरीकडच्या एका कुटुंबाला जुळी झाली होती. एक बाळ आईच्या छातीवर आणि एक वडिलांच्या, असे ते दोघे शेजारी शेजारी बसत. चंदगडहून आलेले एक गृहस्थ होते, त्यांना आत बसायचा धीर होत नव्हता. त्यांनी वेगळे काम उचलले: ज्यांच्यासोबत पुरुष माणूस नव्हते अशा बायकांची औषधे आणणे, रक्ताची व्यवस्था करणे, रात्री-अपरात्री रिक्षा बोलावणे. मुलाला छातीशी घेणारा बाप आणि दुसऱ्याच्या मुलासाठी धावणारा बाप यांत मी लहान-मोठे करणार नाही. पण धीर होत नाही म्हणून दूर राहणाऱ्याला एकदा तरी कोणी हाताला धरून आत बसवले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढे त्या गृहस्थांनाही सिस्टरांनी बसवलेच.

आता माझ्या वडिलांविषयी. बाबा येळ्ळूरला शेती करतात आणि म्हशींचे दूध घालतात. आम्हा भावंडांना त्यांनी लहानपणी कडेवर घेतल्याचे कोणालाच आठवत नाही. आई तसे सांगते आणि ते नाकारत नाहीत. मी रात्री विभागात बसू लागलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘तू आत बस. बाहेरचं मी बघतो की.’’ ते शब्द त्यांनी तंतोतंत पाळले. पहाटे धारा काढून, दूध घालून, पहिल्या बसने ते डबा घेऊन येत. पत्नीसाठी येळ्ळूरच्या तांदळाची मऊ पेज आणि मेथीची भाजी, माझ्यासाठी भाकरी. डबा दिला की विभागाच्या दारातील काचेतून एकदा आत बघत आणि परत जात. सोसायटीत त्यांची बरीच वर्षे चाललेली पिग्मी होती. १९२८ साली उडुपीत सुरू झालेली ही रोजच्या अल्पबचतीची पद्धत आमच्याकडे घरोघरी आहे; एजंट दारात येतो आणि दहा-वीस-पन्नास रुपये घेऊन जातो. ती पिग्मी बाबांनी मोडली आणि पैसे आईच्या हातून माझ्याकडे पाठवले. मला विचारलेही नाही. या प्रेमाला शब्द नसतात म्हणून ते प्रेम मोजायचे नाही, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही. ती पिग्मी आणि तो पेजेचा डबा हे माझ्या मुलीच्या वजनाच्या तक्त्यात धरले पाहिजेत.

सासऱ्यांचे काम आणखी निराळे. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. कन्नड लिहिणे-वाचणे त्यांना उत्तम जमते. आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांची कन्नड बोलण्यापुरती असते, अर्ज समोर आला की हात थबकतो. ‘‘कागदाचं माझ्याकडं द्या,’’ म्हणून त्यांनी पिशवी ताब्यात घेतली. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएल कुटुंबाच्या पॅकेजचा ३० टक्के भाग सरकार उचलते. पत्नीचे नाव अजून माहेरच्या कार्डावर होते, आमच्या कार्डावर चढलेले नव्हते. ते सिद्ध करण्यासाठी लागणारा एकेक कागद मामांनी खानापूर आणि बेळगावच्या कचेऱ्यांतून गोळा केला. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, नाव ठरले नसेल तर ते १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, हे त्यांनीच सांगितले. आणि दाखला हाती आल्यावर कन्नडमधील आमचे आडनाव अक्षर अक्षर तपासले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्यालाच महत्त्व आहे, त्यामुळे या तपासणीची किंमत पुढे कळेल.

रजेचा प्रश्न मात्र कोणाच्या पुढाकाराने सुटण्यासारखा नव्हता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली होती आणि ती पत्नीला मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा असते. खासगी कारखान्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्या बापाला मात्र कायद्याने तसा हक्क दिलेला नव्हता. साठलेली रजा संपल्यावर मी बिनपगारी रजा घेतली आणि नंतर माझ्या सोबतच्या एका कामगाराने, जो स्वतः दोन मुलांचा बाप आहे, शिफ्ट अदलाबदल करून मला सांभाळून घेतले. ज्या बाळाला दिवसाचे आठ तास माणसाच्या अंगाची ऊब लागते, त्याच्या बापाला रजा हा उपकार म्हणून मागावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

मुलगी घरी आली ती येळ्ळूरला. इथे खरी परीक्षा होती. शेगडी, ओव्याची धुरी, घुटी, मधाचे बोट, डोळ्यांत काजळ, हे सगळे आमच्याकडे मायेने केले जाते. धुराने अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांना त्रास होतो आणि एक वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, हे डॉक्टरांनी लिहून दिले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘बाप्या माणसानं कशाला बाळंतिणीच्या खोलीत बसायचं?’’ मी उत्तर देण्याआधी बाबा उठले आणि शेगडी उचलून गोठ्याच्या कडेला नेऊन ठेवली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

आशा सेविका ठरल्याप्रमाणे येऊन वजन-तापमान पाहून जात. अडीच किलो वजन होऊन ती स्वतःच पट्टीतून बाहेर येण्यासाठी पाय मारू लागेपर्यंत आम्ही कांगारू काळजी चालू ठेवली. दूध पाजल्याची वेळ, लघवी, शी, औषध यांची वही मी ठेवत असे. डॉक्टर प्रत्येक भेटीत आधी ती वही मागत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी करावीच लागते, कारण तो दोष बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. ती तपासणी आणि लसी यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर होत्या. बसणे, रांगणे यांचा हिशेब जन्मतारखेपासून न करता अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून करायचा, हेही तिथेच लिहिले होते. पाहुण्यांच्या तुलनांना त्याचा चांगला उपयोग झाला.

आता पत्नी पुन्हा कामावर जाते. सकाळची अंघोळ आणि खाऊ माझ्याकडे, दुपारी आई, संध्याकाळी बाबा तिला कडेवर घेऊन म्हशी दाखवतात. मामा दर महिन्याला येतात आणि लसीकरणाचे कार्ड तपासतात.

अलीकडे कारखान्यातील एका तरुण सहकाऱ्याच्या पत्नीला मुदतीआधी दाखल करावे लागले तेव्हा तो माझ्याकडे आला. मी त्याला चार गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या: बाळ स्थिर झाल्यावर कांगारू काळजी केव्हापासून देता येईल, वडिलांना आत घेतात का आणि कोणत्या वेळी, काढलेले दूध कोणाकडे व कसे द्यायचे, आणि डोळ्यांची तपासणी कोणत्या तारखेला. सुट्टीनंतर त्याच्या घरी जाऊन, घडी घातलेल्या टॉवेलवर पट्टी बांधून दाखवली. तो, त्याचे वडील आणि त्याचे सासरे, तिघांनीही ती बांधून पाहिली.